भोयेंच्या गाडीवरचा टेप

मोटारसायकलला टेप बसवून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. बसवलेल्या टेपवर एकही गाणं न वाजवणारा माणूस मात्र एकच पाहिला. लक्ष्मण भोये. मोखाड्याला त्यांची आणि माझी खोली एकाच चाळीत, भिंतीला भिंत लागून होती. माझी शाळा सूर्यमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर होती आणि एसटी तिच्या मनात येईल तेव्हा यायची, त्यामुळे रोज भोयेंच्या मागच्या सीटवर बसणं माझ्या नशिबी आलं. त्या टेपच्या सगळ्या उद्योगाचा मी साक्षीदार आहे, आणि हमालही.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. मी नगरकडचा, बदलीवर आलेला, आणि आलो त्या दिवसापासून परतीच्या बदलीकडे डोळे लावून बसलेला. भोये जामसरकडचे. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते, पण पाड्यापाड्यांवर लोक त्यांना ‘डागतर’ म्हणत. पन्नाशी जवळ आलेली. लग्न झालं होतं, बाई माहेरी गेली ती परत आली नाही, एवढंच ते एकदा म्हणाले होते. जामसरला भाऊ होते, भातशेती होती, पण भोये तिकडे फारसे जात नसत.

माणसांना ते गुराढोरांच्याच मापानं मोजत. मला ताप आला तर कपाळाला हात न लावता कान चिमटीत धरून बघत. “कान गार हाय गुर्जी, जा शाळेत.” मी जेवणानंतर लगेच आडवा झालो तर “रवंथ तरी होऊ द्या” म्हणत. एकदा चाळीत कुणाच्या तरी सासूबाई पाहुण्या आल्या, तर त्यांच्याकडे लांबून बघून मला हळूच म्हणाले, “मागच्या डाव्या पायानं लंगडतात.”

त्यांचं पालुपद एकच होतं. “शीत मोकळं पायजे.” भात सुटा व्हावा, शीत न् शीत वेगळं दिसावं, तशी जगातली प्रत्येक गोष्ट असली पाहिजे असं त्यांचं मत होतं. माझं अक्षर त्यांना आवडायचं, कारण शीत मोकळं. मंडल अधिकारी बोलायला लागले की भोये कंटाळायचे, कारण नुसता गिचका.

सकाळचा आमचा कार्यक्रम ठरलेला. मी डबा घेऊन ओट्यावर उभा. भोये आत काहीतरी हुडकतायत. मी थांबून थांबून शेवटी ओरडायचो, “अहो भोये! चला की आता!” आतून “आलो, आलो” असं उत्तर यायचं आणि माणूस यायचा नाही. मग पुन्हा ओरडायचं. असं दोन-चारदा झालं की ते पिशवी खांद्याला अडकवत शांतपणे बाहेर यायचे. मला वाटायचं, ह्या माणसाला माझ्याकडून बोलणी खाल्ल्याशिवाय दिवस सुरू करता येत नाही की काय. वैताग यायचा, पण गाडी त्यांची होती.

आता टेपचं कारण सांगतो. दिवाळी झाली की आमच्या भागातले पाडे निम्मे रिकामे होतात. धडधाकट माणसं वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाला येतात. मागे म्हातारी माणसं आणि गुरं. सूर्यमाळच्या अलीकडे एका पाड्यावर बुधीआजी होती. तिचा मुलगा काळू बायकोमुलांना घेऊन भट्टीवर गेलेला. घरी एकच गाय, चांदी. चांदीची आई ती वासरू असतानाच मेली, काळूनं तिला हातानं दूध पाजून वाढवलेलं. त्यामुळे ती काळूच्या हाकेलाच ओ द्यायची. संध्याकाळी तो उतारावर उभा राहून हाळी द्यायचा आणि चांदी रानातून धावत यायची. काळू गेला आणि चांदी घरी येईनाशी झाली. आजी घसा फुटेस्तोवर हाका मारायची. गाय लांबून कान हलवायची आणि रानात वळायची.

“गाभण हाय,” भोये मला सांगत होते. “पुढल्या महिन्यात व्येल. शेजारच्या पाड्यावरचं वासरू बिबट्यानं नेलं. ही रानात व्याली तं गायपण जाल आन वासरूपण. म्हातारीकडं दुसरं काय हाय?”

“मग बांधून ठेवा गोठ्यात.”

“चारा कुठं हाय बांधून घालायला? आन पाणी? म्हातारी एक हंडा आणाया खाली दरीत उतरते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीच्या वाटेवर त्यांनी एकदम गाडी थांबवली, वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “गुर्जी, काळूची हाक आणू.”

असा तो टेप सुरू झाला. माझ्याकडे एक छोटा टेपरेकॉर्डर होता, एकटेपणी गाणी ऐकावीत म्हणून आणलेला. तो भोयेंनी त्याच दिवशी उचलून नेला. तो हँडलला सुतळीनं बांधून बघितला, पण त्याचा आवाज रस्त्याच्या पलीकडेसुद्धा जाईना. मग रविवारी आम्ही जव्हारला गेलो, रहीमचाचांच्या दुकानात. चाचा गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. जीप, टेंपो, ट्रॅक्टर, सगळ्यांना टेप बसवून द्यायचे. भोयेंची ती फटफटणारी म्हातारी गाडी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“भोयेसाब, गाडी सहा व्होल्टची, टेप बारा व्होल्टचा. ये शादी नहीं जमेगी.”

“वेगळी बॅटरी बसवा.”

“जीपची बॅटरी लागेल. इतनी बडी! कुठं ठेवणार?”

भोयेंनी डाव्या बाजूला बोट दाखवलं. तिथं पत्र्याची पेटी बसली, पेटीत जीपची जुनी बॅटरी बसली, आणि गाडी जी डावीकडे कलली ती कललीच. तेव्हापासून मागे बसल्यावर मी उजवीकडे झुकून बसायचं असं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. घाट चढून शाळेत पोचेपर्यंत माझी उजवी कूस भरून यायची. पोरांना मी डावा खांदा वर करूनच शिकवायचो.

खरा छळ झाला तो स्पीकर निवडताना. चाचांना वाटलं, गिऱ्हाईक नेहमीसारखंच आहे. त्यांनी आपला सगळ्यात मोठा स्पीकर लावला आणि दुकानाचे पत्रे थरथरायला लागले. चाचा खूश. भोये तोंड वाकडं करून म्हणाले, “धडधड नको. माणूस ऐकू आला पायजे.”

“गाना सुनना है ना?”

“गाणं नाय. माणूस.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग भोयेंनी परीक्षा सुरू केली. चाचांनी रेडिओवरचे बाजारभाव लावायचे, भोयेंनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभं राहायचं, आणि हरभरा कुठला न् हुलगा कुठला ते ओळखायचं. प्रत्येक स्पीकरला हेच. बाजाराचा दिवस, रस्त्यावर माणसांची रीघ, आणि मधोमध हा गृहस्थ डोळे मिटून ओरडतोय, “तूर होती का उडीद? नाय चाचा, शीत मोकळं नाय!” चाचांनी एक कर्णा आणून लावला, सभेत लावतात तसला. त्यात शब्द अगदी खणखणीत होते. भोयेंनी तोही परत केला. निवडणुकीला जीपवर असलाच कर्णा येतो, तो वाजला की गुरं शेपट्या वर करून पळतात, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. चाचांना दुकानाच्या तोंडाशी आम्ही दिसलो की ते रेडिओ बंद करून आत जेवायला बसायचे.

शेवटी टॅक्सीच्या दारात बसवतात तसले दोन साधे स्पीकर पसंत पडले. त्यांना पेट्या केल्या त्या दवाखान्यात लशी येतात त्या थर्मोकोलच्या डब्यांच्या. हलक्या, आणि पाण्याला भीत नाहीत. दोन्ही डब्यांवर लाल अक्षरांत ‘थंड ठेवा’ असं छापलेलं होतं, ते भोयेंनी खोडलं नाही. टेप टाकीवर ठेवला तर खड्ड्यांनी कॅसेट अडखळायची, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांचा झोळणा करून त्यात टेप पाळण्यासारखा टांगला. मोखाड्यातली पोरं ही वरात बघायला जमायची आणि गाणं लावा म्हणून मागे लागायची. भोये म्हणायचे, “याच्यात गाणं नाय.” पोरांना ते खोटं वाटायचं.

मग आम्ही भट्टीवर गेलो. भिवंडीच्या बाहेर, उन्हात, विटांच्या रांगांमधून काळूला शोधून काढला. भोयेंनी त्याच्यापुढे रेकॉर्डर धरला आणि म्हणाले, “मार हाक.” काळूनं तोंड उघडलं आणि मिटलं. आजूबाजूची माणसं हसायला लागली. काळू लाजून म्हणाला, “गाय समोर नाय तं कशी मारू, डागतर? तोंडातून निघत नाय.”

भोयेंनी रेकॉर्डर माझ्या हातात दिला. तरातरा चालत ते लांब, विटांच्या थप्पीच्या पलीकडे गेले आणि तिथून ओरडले, “मी चांदी! मार!”

माणसं पोट धरून हसली. काळूही हसला. आणि हसता हसताच त्यानं तोंडाला हात लावून हाळी दिली. “ये चांदेऽऽ, ये, ये, येऽऽ! हूऽऽ!” एकदा, मग पुन्हा. हसणं आपोआप थांबलं. साच्यात चिखल भरणाऱ्या बाया तशाच बसून राहिल्या. सगळेच आमच्या भागातले होते, सगळ्यांची गुरं मागे राहिलेली. थप्पीमागून भोये चालत आले, अगदी सावकाश, गायीसारखेच. मला तेव्हा हसू आलं नाही.

पहिल्या दिवशी फजिती झाली. बॅटरी उतरलेली होती, ते आमच्या लक्षात आलं नाही. सूर्यमाळच्या वळणावर भोयेंनी टेप लावला, तर काळूचा आवाज रेड्याच्या नरड्यातून यावा तसा जाड, ओढत ओढत बाहेर आला. चांदीच काय, पाड्यावरची होती नव्हती ती सगळी गुरं दरीत उतरली. ती गोळा करायला पाड्यावरची म्हातारी माणसं आणि मी अंधार पडेपर्यंत फिरत होतो. बुधीआजी काठी टेकत आली आणि भोयेंना म्हणाली, “मपल्या पोराला काय केलास रं? आजारी हाय का त्यो?” तिची समजूत घालता घालता भोयेंच्या नाकी नऊ आले.

दुसऱ्या खेपेला बॅटरी भरून आणली. आवाज साफ आला, पण इंजिनाची तडतड स्पीकरमधून ऐकू यायची, आणि ती ऐकली की चांदी थबकायची. चाचांनी दोन-तीन भाग बदलून पाहिले. तडतड हटेना. यावर भोयेंनी जो उपाय काढला तो असा: इंजिनच बंद करायचं. उतार आला की गाडी बंद, ब्रेकवर बोट, आणि ‘ये चांदे’ करत घाट उतरायचा. चढ आला की मी खाली उतरून ढकलायचं. शिक्षकाची नोकरी करायला मी आलो होतो आणि दिवसभर पोरांना बाराखडी शिकवून संध्याकाळी एका बोलत्या मोटारसायकलला मागून ढकलत होतो. माझी बदली होत नव्हती.

तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी चांदी आली. करवंदीच्या जाळीतून आधी शिंगं दिसली. ती उभी राहिली, कान पुढे. “ये, ये, येऽऽ,” थर्मोकोलचा डबा म्हणाला. मग ती जड पोट सावरत धावतच आली, गाडीभोवती फिरली, आणि ‘थंड ठेवा’ अक्षरं चाटायला लागली. भोये कुजबुजले, “ढकला गुर्जी, सावकाश.” मी ढकलायला लागलो. पुढे काळूचा आवाज, मागे गाय, आणि गाईच्या धापा माझ्या मानेवर. असे आम्ही बुधीआजीच्या दारापर्यंत गेलो.

पुढे जे झालं त्याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. मुलाची हाक ऐकून आजी घरातून धावत बाहेर आली होती. काठी आतच राहिलेली. “आला का? काळू, आला का रं?” तिनं माझ्याकडे बघितलं, भोयेंकडे बघितलं, मागे रस्त्यावर बघितलं. टेपमधून हाक चालूच होती. भोयेंचा हात बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला. आजी हळूहळू गाडीजवळ आली. गायीच्या डोक्याशेजारी वाकून तिनं डब्याला हात लावला आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, “जेवलास का?”

घरी आल्यावर ओट्याखाली गाडी लावताना भोये म्हणाले, “चुकलंच गुर्जी. गायीचं बघितलं, म्हातारीचं नाय बघितलं.” मी म्हटलं, गाय तर घरी आली ना. ते नुसते मान हलवत राहिले.

चांदी सुखरूप व्याली, गोठ्यात. कालवड झाली. आता ती रानात जायची नाही, आता हे सगळं संपलं, म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला. तर त्या संध्याकाळी वळण आलं आणि भोयेंनी पुन्हा इंजिन बंद केलं.

“आता कशाला? गाय बांधलेलीय.”

“म्हातारी बसली असंल.”

खरंच बसली होती, दाराशी, हंडा पालथा घालून. हाक संपेपर्यंत ऐकली, “जेव हां येळेवर” म्हणाली आणि आत गेली. हे काळू परत येईपर्यंत रोज चाललं. पुढच्या दिवाळीनंतर भोयेंच्या पिशवीत भट्टीवरून भरून आणलेल्या हाकांच्या कॅसेटी वाढल्या. पोशेरा गावच्या एकाच्या बैलांसाठी, कुणाच्या शेळ्यांसाठी. कारण जनावराचं सांगायचे, पण ज्या घरी एकही जनावर नाही अशा दोन घरांपुढेही गाडी बंद व्हायची आणि मला उतरावं लागायचं. मी कुरकुरत ढकलायचो. काही विचारायचो नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी शेळी दाखवायला कमी केलं नसतं.

आणि मग माझी बदली आली. इतकी वर्षं वाट पाहिलेली. भोयेंना सांगितलं तर म्हणाले, “बरं झालं,” आणि बॅटरीत पाणी घालायला लागले. बराच वेळ घालत होते.

निघायच्या सकाळी माझी ट्रंक ओट्यावर आणि भोये समोर उभे, हातात माझाच जुना रेकॉर्डर. आधी त्यांनी माझा कान चिमटीत धरून पाहिला. “गार हाय,” म्हणाले. मग रेकॉर्डर माझ्यापुढे धरला.

“गुर्जी, हाक मारा.”

“कुणाला?”

“मला. रोज मारता तशी.”

ते समजावून सांगायला लागले. “मी आत जातो. समोर असलो तं तुमच्या तोंडातून निघायची नाय.” आणि रेकॉर्डर माझ्या हातात देऊन ते खरंच आत गेले.

मी बटण दाबलं. “भोये, चला,” म्हणालो.

आतून आवाज आला, “नाय. ही पावण्याची हाक झाली. कावून मारा.”

मी पुन्हा म्हणालो. आवाज भलताच निघाला. “शीत मोकळं नाय!” आतून आलं. मी पुन्हा प्रयत्न केला. तोही नापास. मला राग आणायचा होता आणि त्या दिवशी नेमका तो येत नव्हता. इतक्यात खालच्या स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला. ती गाडी चुकली असती तर पुढची केव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ट्रंक उचलून द्यायला हा माणूस काही बाहेर येईना.

“अहो भोये! माझी एसटी जाईल! चला की आताऽऽ!”

“आलो, आलो,” आतून आलं. आणि पहिल्यांदाच ते एका हाकेत बाहेर आले. रेकॉर्डर माझ्या हातून घेतला, बटण बंद केलं, कॅसेट काढून खिशात टाकली आणि ट्रंक खांद्यावर घेतली. स्टँडवर पोचल्यावर, रेकॉर्डर राहू द्या तुमच्याकडेच, एवढं मी म्हणालो. ते हो म्हणाले आणि मागे वळून न बघता गेले.

एसटी निघायला मात्र पुष्कळ वेळ लागला. कंडक्टर चहाला गेला होता. शेवटी ती हलली आणि वळसा घेऊन आमच्या चाळीवरून निघाली. खिडकीतून मला माझाच आवाज ऐकू आला. कावलेला, त्रासलेला, शब्द न् शब्द सुटा. “अहो भोये! माझी एसटी जाईल! चला की आताऽऽ!” ओट्याखाली डावीकडे कललेली गाडी उभी होती, तिच्याजवळ कुणीच नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं. हाक संपली आणि दारातून भोये बाहेर आले, पिशवी खांद्याला अडकवत. त्यांचे ओठ हललेले मला दिसले. आलो, आलो.